खुर्चीमागचा कारखाना

जाँ प्रुव्हे या फ्रेंच डिझायनरविषयी कुठेही लिहून आले की 'काळाच्या पुढचा माणूस' हे विशेषण हमखास येते. हयातीत त्याच्या कामाची पुरती कदर झाली नाही, आज त्याच्याच खुर्च्या-टेबलांवर लिलावांत उड्या पडतात. तेव्हा तो काळाच्या पुढे असणारच, असा हा सरळ हिशेब. विशेषण मोठे सोयीचे आहे. त्यामुळे कोणाकडे बोट दाखवावे लागत नाही. चूक काळाची ठरते, आणि काळावर खटला भरता येत नाही. पण प्रुव्हेची कारकीर्द बारकाईने पाहिली तर हे चित्र टिकत नाही. त्याने वापरलेला पोलादी पत्रा त्या काळचाच होता, वेल्डिंगची यंत्रे त्या काळचीच होती, आणि शाळा, वसतिगृहे, इस्पितळे, युद्धात बेघर झालेली कुटुंबे ही त्याची गिऱ्हाइकेही त्याच काळातली होती. आपल्या काळात इतका नेमका बसलेला डिझायनर शोधून सापडणार नाही. 1953 मध्ये त्याचा कारखाना त्याच्या हातून गेला, आणि त्याबरोबर फर्निचर आणि दिवे घडवण्याची एक पद्धतच मोडली. ती एका कंपनीच्या निर्णयांमुळे मोडली. डिझाइन कागदावर पुरे होते आणि मग ते कोणाकडूनही बनवून घेता येते, हा समज त्या निर्णयांच्या मुळाशी होता. तो समज चुकीचा होता, असे माझे म्हणणे आहे. आणि त्यासाठी प्रुव्हेइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही.

प्रुव्हेचा जन्म 1901 सालचा, पॅरिसचा; पण तो वाढला पूर्व फ्रान्समधल्या नान्सी शहरात. वडील व्हिक्टर प्रुव्हे चित्रकार आणि शिल्पकार. काचकामासाठी प्रसिद्ध असलेल्या एमिल गालेने नान्सीत कलावंत आणि कारखानदार यांना एकत्र बसवणारे जे घराणे उभे केले होते, त्याची धुरा 1904 मध्ये गालेच्या निधनानंतर व्हिक्टर प्रुव्हेकडे आली. घरात कलेचा सुकाळ होता, पैशांचा नव्हता. मुलाला इंजिनिअर व्हायचे होते, ते परवडण्यासारखे नव्हते; म्हणून पहिले महायुद्ध चालू असताना हा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा पॅरिसजवळ एमिल रोबेर या नामांकित लोहाराच्या भट्टीवर उमेदवारी करू लागला. पुढे जन्मभर त्याच्याकडे ना इंजिनिअरची पदवी होती, ना आर्किटेक्टची. 1924 मध्ये त्याने नान्सीत स्वतःचे वर्कशॉप काढले. सुरुवातीचे काम नेहमीच्याच लोहारकामाचे: दारांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे, दिव्यांची घडीव लोखंडी कोंदणे. पाच-सहा वर्षांत मात्र हातोडा मागे पडला आणि पत्रा वाकवणारी, विजेने सांधे जोडणारी यंत्रे वर्कशॉपमध्ये आली. 1931 मध्ये 'अतेलिए जाँ प्रुव्हे' ही कंपनी स्थापन झाली. आपण काय काढू शकतो हे त्याला यंत्राने शिकवले, ड्रॉइंग बोर्डाने नव्हे. त्याच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली मला इथे दिसते.

1934 च्या सुमारास तयार झालेली आणि पुढे 'स्टँडर्ड' या नावाने ओळखली गेलेली त्याची खुर्ची घ्या. लांबून ती शाळेतली साधी खुर्ची वाटते: प्लायवूडची बैठक, प्लायवूडची पाठ, चार पाय. जवळ गेले की पुढचे पाय आणि मागचे पाय एका जातीचे नाहीत हे लक्षात येते. पुढचे दोन म्हणजे बारीक गोल नळी. मागचे दोन पत्रा वाकवून, कडा वेल्ड करून केलेले, आतून पोकळ. बाजूने पाहिले तर जमिनीशी निमुळते, बैठकीपाशी रुंद आणि पाठीकडे जाताना पुन्हा निमुळते. माणूस बसला की वजन मागे जाते, रेलला की आणखी मागे, आणि खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवायची खोड तर जगभर सारखीच. सगळा ताण येतो तो बैठक आणि पाठ जिथे मिळतात तिथे. प्रुव्हेने तिथेच धातूला रुंदी दिली आणि जिथे गरज नव्हती तिथून ती काढून घेतली. सपाट पत्रा लवतो, घडी घातली की ताठ होतो, हे घरातल्या गोदरेज कपाटाचे दार निरखून पाहिलेल्या कोणालाही पटेल. त्याच सुमारास मार्सेल ब्रॉयर आणि जर्मनीतल्या इतरांनी वाकवलेल्या पोलादी नळीच्या खुर्च्या गाजवल्या होत्या. त्या देखण्या आहेत यात वाद नाही. पण नळीची जाडी सगळीकडे सारखीच असते, भार असो वा नसो. प्रुव्हेच्या खुर्चीत भार कुठे आहे ते डोळ्यांना दिसते. दुसऱ्या महायुद्धात पोलाद मिळेनासे झाले तेव्हा त्याने हीच खुर्ची पूर्ण लाकडात केली, आणि मागचे पाय तिथेही तसेच रुंद राहिले. नंतर सुटी करून पाठवता येईल अशी आवृत्तीही निघाली. माल बदलला, सांधे बदलले, भाराचा हिशेब मात्र तोच राहिला.

असा हिशेब ड्रॉइंग बोर्डावर पूर्णपणे मांडता येत नाही. प्रुव्हेच्या कारखान्यात कामाची रीत अशी होती: ढोबळ रेखाटन, लगेच प्रत्यक्ष नमुना, तो वापरून, ताणून, मोडेपर्यंत पाहणे, मग दुरुस्ती, आणि अखेरचे ड्रॉइंग सगळ्यात शेवटी. रेखाटणारा आणि पत्रा वाकवणारा एकाच छपराखाली असल्याशिवाय ही रीत चालत नाही. अमुक जाडीचा पत्रा अमुक कोनापुढे वाकवला की चिरतो, ही माहिती यंत्रावरच्या कामगाराकडे असते. ती वीस पावले दूर असली तर पाच मिनिटांत मिळते, वीस किलोमीटर दूर असली तर पत्रव्यवहार होतो. प्रुव्हे ज्या गोष्टी बनवणे शक्य नाही त्या काढतच नसे, ही त्याची ख्याती याच रचनेतून आली. तिच्या जोडीला दुसरी गोष्ट होती, ती म्हणजे गिऱ्हाईक. नान्सीच्या विद्यार्थी वसतिगृहातले पलंग, पॅरिसच्या वीज कंपनीच्या कचेऱ्यांतली टेबले, शाळांचे बाक, इस्पितळांचे फर्निचर: त्याची महत्त्वाची कामे बहुतेक संस्थांच्या ऑर्डरींतून आलेली आहेत. संस्था एका वेळी शेकडो नग मागते, टिकाऊपणा मागते, आणि वस्तू दिवाणखान्यात शोभेल का हे विचारत नाही. पॅरिसला खेटून असलेल्या क्लिशीत आर्किटेक्ट बोदुएँ आणि लोद यांच्यासह उभारलेले 'मेझाँ द्यु पप्ल' 1939 मध्ये पूर्ण झाले: खाली बाजार, वर सभागृह, सरकणारी जमीन, उघडणारे छप्पर. तेही नगरपालिकेचेच काम. युद्धात प्रुव्हे प्रतिकार चळवळीत होता; 1944 मध्ये नान्सी मुक्त झाल्यावर काही काळ तो शहराचा महापौर झाला. त्याच काळात पुनर्बांधणी मंत्रालयाने लोरेन भागातल्या बेघरांसाठी 6 बाय 6 आणि 6 बाय 9 मीटरची, सुटी करून नेता येणारी शेकडो लाकडी-पोलादी घरे त्याच्याकडून मागवली. मोजकी माणसे एका दिवसात असे घर उभे करत. काळाच्या पुढच्या माणसाला सरकार अशी ऑर्डर देत नसते.

दिव्यांच्या बाबतीत तर हे सूत्र आणखी उघडे पडते. प्रुव्हेचा 'पोतांस' दिवा म्हणजे जेमतेम एक वस्तू आहे. भिंतीवरच्या बिजागरीतून निघालेली दोन मीटरभर लांब बारीक नळी, तिला वरून तोलून धरणारी एक तार, आणि टोकाला उघडा बल्ब. शेड नाही, स्टँड नाही, छताला भोक नाही. दांडा फिरवला की जेवणाच्या टेबलावरचा उजेड पलंगाशी येतो. आफ्रिकेतल्या घरांसाठी विचार करताना तो सुचला. क्रेन उभारणाऱ्यांना ही रचना पाठ असते: आडवा दांडा दाबाला, वरची तार ताणाला. सजावटीच्या दृष्टीने पाहणाऱ्याला ती कदाचित सुचलीच नसती. प्रुव्हे एकटाच असा होता असेही नाही. लियाँमध्ये जाँ-लुई दोमेक नावाच्या मेकॅनिकला यंत्रावर काम करताना हवा तसा दिवा मिळेना, म्हणून त्याने 1950 मध्ये स्वतःच एक केला. सांध्यांतून वायर नेली की ती झिजते आणि तुटते. त्याने सांध्यांतच विजेचे संपर्क बसवले आणि वायर काढून टाकली. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून आलेला 'जील्दे' हा दिवा अजूनही लियाँ परिसरात बनतो. हे दोन्ही दिवे आज महागड्या घरांत दिसतात. त्यांची मुळे मात्र दिवाणखान्यात नाहीत, वर्कशॉपमध्ये आहेत.

1947 मध्ये प्रुव्हेने नान्सीलगत माक्सेव्हिल इथे मोठा कारखाना उभारला. शे-दोनशे माणसे, मोठी यंत्रे, खुर्च्यांपासून घरांच्या भिंतींपर्यंत सगळे एका आवारात. इतक्या मोठ्या पसाऱ्याला भांडवल लागते. विमानांची युद्धकाळातली मागणी ओसरल्यावर अ‍ॅल्युमिनियम उद्योगाला नवी बाजारपेठ हवीच होती. घरे आणि फर्निचर हे त्याचे उत्तर दिसले, आणि 'अ‍ॅल्युमिनियम फ्रान्से' ही कंपनी माक्सेव्हिलमध्ये भागीदार झाली. हिस्सा वाढत गेला तसा दोघांच्या हेतूंतला फरक उघड होत गेला. भागीदाराला जास्तीत जास्त अ‍ॅल्युमिनियम खपवायचे होते, नग ठरवून उत्पादन शिस्तीत आणायचे होते. प्रुव्हेला प्रत्येक मालिका आधीच्यापेक्षा सुधारायची होती. शेवटी डिझाइनचे काम उत्पादनापासून वेगळे काढण्यात आले. मालकाने कारखान्यात उतरून नमुना बदलायचा नाही, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होता. 1953 मध्ये प्रुव्हे बाहेर पडला. तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. डिझायनरच्या आयुष्यात हे ऐन भराचे वय. आपले खरे आयुष्य तिथेच संपले, अशा आशयाचे तो नंतर बोलत असे. हा म्हातारपणीचा कडवटपणा म्हणून सोडून देता आला असता, पण पुढची कामे पाहिली की तो हिशेब त्याने बरोबर मांडला होता असे वाटते.

यावर पहिला आक्षेप सहज घेता येईल. 1953 नंतरही त्याने मोठी कामे केलीच की. पॅरिसजवळच्या ला देफाँसमधल्या भव्य प्रदर्शनगृहाच्या दर्शनी भिंती त्याच्या, एव्हियाँच्या झऱ्याकाठचा सुबक मंडप त्याचा, आंतोनीच्या विद्यार्थी वसाहतीतली वळवलेल्या प्लायवूडची खुर्ची 1954 ची. पॅरिसच्या कला-हुन्नर शिक्षणाच्या जुन्या राष्ट्रीय संस्थेत त्याने 1957 पासून तेरा-चौदा वर्षे शिकवले, आणि फळ्यावर भराभर काढलेली त्याची चित्रे पाहायला वर्ग भरून जात. 1971 मध्ये पाँपिदू केंद्राच्या स्पर्धेत 681 प्रवेशिकांमधून रेंझो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स या त्या वेळी फारशा नाव नसलेल्या जोडीची निवड करणाऱ्या परीक्षक मंडळाचा तो अध्यक्ष होता. पदवी नसलेल्या लोहारासाठी हा मान थोडा नाही. पण या यादीकडे नीट पाहा. यातली बहुतेक कामे सल्लागाराची आहेत, शिक्षकाची आहेत, परीक्षकाची आहेत. फर्निचर आणि दिवे या यादीतून जवळजवळ नाहीसे झाले आहेत. इमारतीची दर्शनी भिंत सल्लागार म्हणून करता येते, कारण ती एकदाच होते आणि ठेकेदार समोर असतो. खुर्ची शेकडो वेळा होते आणि प्रत्येक खेपेला सुधारता येते. ती सुधारायला कारखाना हातात लागतो. 1954 मध्ये नान्सीच्या उतारावर, घर बांधायला अवघड समजल्या जाणाऱ्या जमिनीवर, त्याने स्वतःच्या कुटुंबासाठी घर उभारले, तेही माक्सेव्हिलमधून आणलेले उरलेसुरले भाग जोडून आणि घरच्या व मित्रमंडळींच्या हातांनी. ते घर आज कौतुकाने दाखवले जाते. मला ते कारखाना गमावलेल्या माणसाने शिलकीतून केलेले काम वाटते, आणि म्हणूनच त्याचे कौतुक अधिक.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. प्रुव्हेला धंदा कळत नव्हता, सतत बदल करत राहणारा मालक कोणत्याही भागीदाराला परवडत नाही, आणि 'औद्योगिक' म्हणवणारे त्याचे उत्पादन खऱ्या अर्थाने कधी औद्योगिक झालेच नाही, असा तो आक्षेप. यात तथ्य आहे. व्हिएन्नाच्या थोनेटच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या कोट्यवधींनी खपल्या. प्रुव्हेची कोणतीही खुर्ची त्या आकड्याच्या जवळपासही गेली नाही. पण याच आक्षेपाला उत्तर देणारा एक फ्रेंच माणूस त्याच्या बरोबरीने काम करत होता. बुर्गुन्ये प्रांतातल्या ओताँ गावचा झाव्हिए पोशार हा जस्ताच्या पत्र्याचे काम करणारा कारागीर. पोलादी पत्र्याला जस्ताचा मुलामा दिला की तो गंजत नाही, हे ज्ञान त्याने घरगुती वस्तूंकडून फर्निचरकडे वळवले आणि 1934 च्या सुमारास, म्हणजे प्रुव्हेच्या स्टँडर्ड खुर्चीच्याच वेळी, आपल्या 'टॉलिक्स' या नाममुद्रेची 'ए' खुर्ची काढली. पुण्या-मुंबईच्या नव्या कॅफेंमध्ये रंगीत पत्र्याची, एकावर एक रचता येणारी, बैठकीला भोके असलेली जी खुर्ची दिसते, ती याच खुर्चीची नक्कल किंवा नकलेची नक्कल. फ्रान्समधल्या कॅफेंत, बागांत, कचेऱ्यांत ती अमाप खपली. पोशारचा मुलगा जाँ याने 1950 च्या दशकात ती आणखी घट्ट रचता येईल अशी केली. तोच धातू, तोच देश, तेच वर्ष, आणि माणूसही पदवी नसलेला कारागीरच. फरक एवढाच, की ओताँचा कारखाना 2004 पर्यंत पोशार घराण्याकडेच राहिला. पत्रा वाकवणाऱ्याला धंदा करता येत नाही, हा सिद्धान्त त्यामुळे टिकत नाही. प्रुव्हे व्यापारात कच्चा होता, हे कबूल. त्यासाठी त्याच्या शेजारी चांगला व्यवस्थापक बसवायला हवा होता. त्याला कारखान्यापासून तोडणे हा त्यावरचा उपाय नव्हता.

शिवाय आजचे डिझायनर कारखान्याचे मालक नसतात, तरी त्यांचे काम चालतेच ना, असेही कोणी म्हणेल. फिलिप स्टार्कने 2002 मध्ये इटलीच्या कार्टेल कंपनीसाठी केलेली पारदर्शक 'लुई घोस्ट' खुर्ची पाहा: अठराव्या शतकातल्या फ्रेंच खुर्चीचा आकार, पॉलिकार्बोनेटच्या एकाच साच्यातून एका दमात बाहेर पडणारा. स्टार्क साचे बनवत नाही. पण ती खुर्ची शक्य झाली ती, इतक्या मोठ्या पारदर्शक नगात प्लास्टिक कसे वाहते हे जाणणारे तंत्रज्ञ आणि महागड्या साच्याची जोखीम घेणारा कारखानदार डिझायनरच्या पुढ्यात बसले म्हणून. मालकी कोणाच्या नावे आहे हा मुद्दा दुय्यम. माक्सेव्हिलमध्ये नेमकी हीच बैठक मोडली गेली.

जिथे माझा युक्तिवाद लंगडा पडतो ती बाजूही सांगायला हवी. 1949 मध्ये नायजरमधल्या निआमेला आणि 1951 मध्ये काँगोतल्या ब्राझाव्हिलला प्रुव्हेची 'मेझाँ त्रोपिकाल' ही अ‍ॅल्युमिनियमची घरे विमानाने नेऊन जोडण्यात आली. उन्हाला अडवणारे बाह्य पडदे, वर गरम हवा निघून जाईल अशी छपरातली फट, माणसांना उचलता येतील एवढेच सुटे भाग: कल्पना उत्तम होती. घरे झाली एकूण तीन. ती स्थानिक बांधकामापेक्षा स्वस्त पडली नाहीत, आणि तिथल्या फ्रेंच अंमलदारांना कारखान्यातून आलेल्या धातूच्या घरात राहण्याची हौस नव्हती. तिथल्या आफ्रिकी माणसांना कोणी विचारलेच नाही. घर नान्सीत तयार व्हावे आणि वसाहतीने ते नुसते घ्यावे, हा व्यवहारच मुळात वसाहतवादी होता. इथे अपयशाचा दोष भागीदारावर टाकता येत नाही. रेखाटणारा आणि बनवणारा जवळ होते, पण वापरणारा हजारो मैल दूर होता. पुढे पॅरिसच्या एका व्यापाऱ्याने ही घरे उचलून नेली, त्यांतल्या काही पत्र्यांना काँगोतल्या यादवीतल्या गोळ्यांची भोके होती, आणि 2007 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांतले एक घर सुमारे 50 लाख डॉलरना गेले.

सरकारी गिऱ्हाइकाचीही आरती ओवाळण्याचे कारण नाही. मंत्री क्लोदिअस-पेती यांच्या पुढाकाराने पॅरिसजवळच्या मदोँमध्ये प्रुव्हेची 14 घरे उभी राहिली, आणि गाडी तिथेच थांबली. 1954 च्या कडाक्याच्या थंडीत बेघरांसाठी हाक देणाऱ्या आबे पिएर या धर्मगुरूसाठी प्रुव्हेने एक घर काढले. मधोमध स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामावणारा पोलादी गाभा, त्यावर टेकलेले छप्पर. 1956 च्या फेब्रुवारीत सेन नदीच्या काठावर मूठभर कामगारांनी काही तासांत ते उभे करून दाखवले, लोकांनी गर्दी केली. न्हाणीघर घराच्या मधोमध असल्याने त्याला खिडकी नव्हती. नियमांत ते बसेना. मंजुरी मिळाली नाही. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच घरे झाली. नियम करणाऱ्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण माक्सेव्हिल हातात असते तर त्या गाभ्याला वरून हवा आणि उजेड देणारा दुसरा नमुना पंधरा दिवसांत बाहेर पडला असता, असे त्याच्या आधीच्या कामावरून मानायला जागा आहे. कारखाना नसल्यामुळे त्याच्याकडे फक्त पहिला नमुना उरला, आणि पहिल्या नमुन्यात खोट असतेच.

अनेकांच्या कामाला एकाच माणसाचे नाव लावण्याची जी सवय कलाबाजाराला आहे, तिची किंमत डिझायनर शार्लोट पेरियाँने मोजली. 1952 मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी नगरातल्या ट्युनिशिया आणि मेक्सिकोच्या वसतिगृहांसाठी केलेली, रंगीत पत्र्याचे कप्पे आणि लाकडी फळ्यांची पुस्तकांची मांडणी मुळात तिच्या कल्पनेची. बनली प्रुव्हेच्या कारखान्यात. बाजारात ती कित्येक वर्षे प्रामुख्याने प्रुव्हेच्या नावावर फिरली. माझ्या मते हा अन्याय आहे, आणि तो प्रुव्हेच्या पद्धतीच्या विरोधात जात नाही, उलट तिचाच पुरावा आहे: एका छपराखाली अनेकांनी केलेले काम एका नावात मावत नाही. हीच गोष्ट आपल्याकडे चंडीगडच्या फर्निचरमध्ये घडली. 1940 च्या दशकात प्रुव्हेबरोबर काम केलेला आर्किटेक्ट पिएर जानरे 1951 मध्ये चंडीगडला आला आणि पुढची चौदा वर्षे तिथे राहिला. कचेऱ्या, विद्यापीठ, ग्रंथालये यांच्यासाठी लागणाऱ्या हजारो खुर्च्या-टेबलांना पोलाद आणि यंत्रे आणायची कुठून? सागवान आणि वेत मुबलक, सुतार हाताशी. तेव्हा उलट्या 'व्ही'सारख्या पायांच्या त्या खुर्च्या स्थानिक कारखान्यांत बनल्या, एकाच नमुन्यात थोडाथोडा फरक ठेवून. युली चौधरी यांच्यासारख्या भारतीय आर्किटेक्टांचा त्यात हात होता. पुढे ही मोडकी खुर्ची भंगारात निघाली, आफ्रिकेतून घरे उचलणाऱ्या त्याच पॅरिसच्या व्यापाऱ्याने ती विकत घेतली, आणि ती जानरेच्या एकट्याच्या नावाने जगभर गेली. मुंबईतल्या लिलावांतही तिला मोठी बोली लागते. 2011 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा वारसा-फर्निचरच्या विक्रीला मनाई केली. ज्या सुतारांनी ती घडवली त्यांची नावे कोणाच्या नोंदीत शोधायची, हा प्रश्न त्या आदेशाने सुटलेला नाही.

गंमत अशी की लिलावाचा बाजार, ज्याला प्रुव्हेच्या विचाराशी काही देणेघेणे नाही, नकळत माझ्याच बाजूने साक्ष देतो. कॅटलॉगमध्ये खुर्चीच्या फोटोखाली डिझायनरचे नाव असते, त्याखाली 'अतेलिए जाँ प्रुव्हे' हे बनवणाऱ्याचे नाव असते आणि त्याखाली ती मुळात कोणत्या वसतिगृहासाठी, कोणत्या शाळेसाठी बनली ते लिहिलेले असते. स्वित्झर्लंडच्या व्हिट्रा कंपनीने 2002 पासून प्रुव्हेच्या वस्तू पुन्हा बाजारात आणल्या आहेत, चांगल्या दर्जाच्या आणि प्रामाणिकपणे बनवलेल्या; तरी श्रीमंत खरेदीदार त्यांच्या कित्येक पट पैसे मोजतो ते माक्सेव्हिलमध्ये वाकवलेल्या, रंग उडालेल्या पत्र्याला. त्यात हौस आणि मिरवणे बरेच आहे. पण किंमत ठरवताना बाजार डिझायनर, कारखाना आणि गिऱ्हाईक या तिघांची चौकशी करतो, एवढे खरे. हा हिशेब संग्रहालयांनीही पाळावा. स्टँडर्ड खुर्चीखालच्या पाटीवर एकट्या प्रुव्हेचे नाव पुरेसे नाही. ती कोणी मागवली आणि कोणत्या कारखान्यात बनली, हेही तितक्याच ठळक अक्षरांत लिहिले पाहिजे.